लेकीच्या भिवंडीतले तीन सण

भिवंडीहून परत येऊन मला तीन आठवडे झाले. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका विचारतात, काय पाहिलंस, काय खाल्लंस, तिकडचे लोक कसे आहेत. चार बायकांत बोलायला मला जमत नाही, जीभ आत ओढली जाते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा लिहिता येतं. म्हणून वहीत लिहून ठेवते. वाटलं तर एखादीला वाचायला देईन, नाहीतर राहील पेटीत.

आमची करुणा भिवंडीत एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं अँथनीशी लग्न केलं. तो कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. दोघंही येशूलाच मानतो, तरी त्या लग्नानं आमच्या घरात दुखवटा आल्यासारखं झालं. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर होते. आता मंडळीचे वडील आहेत, म्हणजे चर्चचा कारभार बघतात. पाळकसाहेब येत नाहीत त्या रविवारी उपासना तेच घेतात. ते लग्नाला गेले नाहीत, मीही गेले नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही झालं नाही. सप्टेंबरात तिला मुलगी झाली आणि महिन्याभरानं पत्र आलं, की डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे, बाबांनी यावं.

पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तुला जायचं तर आताच जाऊन ये, बाळाला बघून ये." स्वतःचं काहीच बोलले नाहीत. करुणाला काय सांगायचं ते बरोबर न घेताच मी निघाले.

शनिवार, अंबाडी नाका

नगरपासून कल्याणपर्यंतचं काही लिहीत नाही. घाटात मी डोळे मिटूनच होते. कल्याणला मी वाड्याच्या गाडीत बसले. कंडक्टर म्हणाला होता, ही भिवंडीवरूनच जाते. ती गेलीही असणार, पण मला झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर भाताची कापणी चाललेली. आमच्याकडे या दिवसांत बाजरीची खळी असतात, सगळं कसं कोरडं, पिवळं. इथं कापलेल्या शेतातसुद्धा पायाखाली ओल दिसत होती. मी बघतच राहिले. मग कंडक्टरला विचारलं, भिवंडी कधी येईल.

"मावशी, ती कवाच मागं रायली. अंबाडी आली आता."

नाक्यावर उतरले ती रडकुंडीला येऊन. एक बाई पाटीत काकड्या घेऊन बसली होती. तिनं माझी पिशवी स्वतःच ओढून घेतली आणि शेजारी बसवलं.

"घाबरतेस कशाला? भिवंडी काय पलून जाते? न्हाय जात. दुसरी गाडी येल."

गाडी येईपर्यंत तिनं माझं सगळं काढून घेतलं, लेक कुठं, जावई काय करतो, बाळ किती दिवसांचं. मीही सांगितलं, कसं कोण जाणे. जाताना दोन काकड्या पदरात घातल्या आणि कंडक्टरला म्हणाली, "या बायला भिवंडीला उतरव. झोपली तर हलवून उतरव."

भिवंडीच्या स्टँडवर अँथनी दोन तास उभा होता. जावयाला मी पहिल्यांदाच पाहत होते. बारका, सावळा, केसांत कापसाचे तंतू. पॉवरलूमवर तो जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतो. त्यानं हात कपाळाला नेऊन मला "सलाम, आई" म्हटलं. आमच्या नगरकडे आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतो, त्यावरूनच आम्ही ओळखू येतो. करुणानं त्याला ते शिकवलं असणार. मी उलट सलाम केला, तर शेजारच्या रिक्षावाल्यानंही केला, आणि पानाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानंही. भिवंडीत सलाम सगळ्यांचाच आहे. मला ते गाव तिथंच आवडलं.

खोली पहिल्या मजल्यावर, खाली गल्लीभर मागांचे कारखाने. खटखटाट असा, की पाण्याच्या तांब्यावरची वाटी थरथरते. दारात विहीणबाई उभ्या होत्या. फिलोमिना त्यांचं नाव, खाडीपलीकडच्या गावच्या, बाळासाठी म्हणून इकडे येऊन राहिलेल्या. अंगानं भरलेल्या, कानांत जड सोनं, आवाज मागांच्या वर जाणारा. माझ्या हातातल्या काकड्या त्यांनी पाहिल्या.

"पोरगा दोन तास उन्हात उभा, आनि व्याहीण अंबाडीला बाजार करते!"

मी खाली पाहिलं. त्या हसल्या, काकड्या घेतल्या आणि बाळ माझ्या हातांत दिलं. बाळाचं कपाळ आमच्या ह्यांच्यासारखंच रुंद आहे.

करुणानं जेवताना विचारलं, "बाबा येतील ना गं डिसेंबरात?"

मी म्हटलं, "बघू." तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

रविवार, एकतीस ऑक्टोबर, भिवंडी

या दिवशी आम्ही धर्मसुधारणेचा दिवस पाळतो. जर्मन देशातल्या एका मठवासी पाळकानं देवळाच्या दाराला कागद ठोकला आणि चर्चमध्ये काय चुकतंय ते सांगितलं, त्याची आठवण. आमच्या गावी त्या दिवशी कीर्तन असतं. पेटी, तबला, टाळ, आणि ती कागदाची गोष्ट ऐकायला वेशीपर्यंत माणसं बसतात. भिवंडीत आमचे लोक थोडे. शाळेचा एक वर्ग भाड्यानं घेतात आणि कल्याणचे पाळकसाहेब स्कूटरवरून येतात. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. भिवंडीत सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी माग चालू. काही जण रात्रीची शिफ्ट संपवून तसेच आलेले.

विहीणबाई आपली सकाळची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, करून आमच्याबरोबर आल्या. आदल्या दिवशीच त्यांनी ठरवून टाकलं होतं, "मी तुझ्या सनाला येते, तू माझ्या सनाला ये." डोक्यावर पदर घेऊन त्या आत शिरल्या आणि सवयीनं समोर एक गुडघा टेकून क्रूसाची खूण केली. समोर फळा होता. त्यावर शनिवारचे भागाकार तसेच होते.

"आई, तिथं काही नाही," करुणा सासूला हळूच म्हणाली.

"असू दे," त्या उठता उठता म्हणाल्या. "देवाला गनित येते."

त्या मंडळीची एक रीत मला फार आवडली. या सुधारणेनं शास्त्र, म्हणजे बायबल, ज्याच्या त्याच्या भाषेत आलं, म्हणून या दिवशी प्रत्येकानं आपापल्या भाषेचं शास्त्र आणायचं आणि एकच वचन सगळ्यांनी एकदम मोठ्यानं वाचायचं. करुणाच्या दवाखान्यातली अलियम्मा सिस्टर मल्याळीत, माग चालवणारा रत्नम तेलुगूत, दोन कुटुंबं हिंदीत, आम्ही मराठीत. एकदम तीस आवाज. कोणाचं काय ते कळत नाही आणि तरी सगळ्यांचं एकच. माझ्यासारखीला याहून सोयीचं काय असणार? माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून मी अगदी मोठ्यानं वाचलं. मग पाळकसाहेब म्हणाले, "नगरच्या पाहुण्या बाईंनी आता एकट्यानं वाचावं." मी करुणाच्या पाठीमागं सरकले. ती म्हणाली, "आईचा घसा बसलाय."

विहीणबाईंना त्यांनी विचारलं, तेव्हा त्या मात्र उभ्या राहिल्या. शास्त्र जवळ नव्हतं. त्यांनी लहानपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना आपल्या गावच्या बोलीत म्हटली, ठसक्यात, लग्नाचं गाणं म्हणावं तशी. लोकांनी आमेन म्हटलं ते मनापासून.

उपदेश मात्र ऐकताना माझे कान गरम झाले. पाळकसाहेब सांगत होते, की त्या काळी मेलेल्यांना सोडवायचं म्हणून चर्च लोकांकडून पैसे घेई. गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करण्यात अर्थ नाही, तो देवाच्या हाती गेला. आमचे हेही असंच सांगतात. पण परवा मृतांचा दिवस पाळून गेलेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बाहेर चहा घेताना अलियम्मा सिस्टर म्हणाली, "आंटी, ये तुम्हारा झगडा पाचशे वर्षाचा. आमच्याकडे केरळला येशूचा शिष्य थोमा खुद आला, तेव्हापासून आम्ही आहोत. कागद ठोकताना आम्हाला कोणी विचारला पण नाही."

"मना बी न्हाय विचारला," विहीणबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

घरी परतताना त्या माझ्या बरोबरीनं चालत होत्या. म्हणाल्या, "तुमचा पालक बोलतो बरा. तवाचे पाद्री लबाड व्हते, ते मी बी म्हनते. पन मेलेल्याची आठवन काढली तर कोनाचं काय गेलं? एक मेनबत्ती जलते, तेवढंच."

रात्री मी त्या मेणबत्तीचाच विचार करत पडले होते.

सोमवार, कशेळीच्या पुलापलीकडे

सर्व संतांचा सण. अँथनीनं ओळखीचा टेम्पो आणला आणि आम्ही सगळे कशेळीच्या पुलावरून व्याह्यांच्या गावी गेलो. पूल अरुंद, ट्रकांची रांग लागलेली, खाली खाडीचं करडं पाणी आणि चिखलात बगळे. आमच्या गावात पाणी म्हणजे विहीर. एवढं पाणी असून पिता येत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटलं. हवेत मीठ होतं. जिभेला लागत होतं.

गावातलं चर्च जुनं, भिंती हातभर जाड. आत मूर्ती, फुलं, मेणबत्त्या, धूप. आमची प्रार्थनामंदिरं पांढरी, मोकळी असतात. मूर्ती नको असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी भिंतीला टेकून बसले. पण बायकांचं गाणं सुरू झालं, दोन सुरांत, आणि मी मूर्ती विसरले. विहीणबाई कानाशी म्हणाल्या, "मोठ्या संतांचे सन वर्षभर हायेतच. ज्यांचं नाव कोनाला ठाव न्हाय, त्यांचा आजचा सन." हे मला फार चांगलं वाटलं. असा दिवस आम्हीही पाळायला हरकत नाही.

जेवायला फुगे होते. मैद्याचे, ताडी घालून फुगवलेले, तळून गोल झालेले, आतून पोकळ आणि जरासे गोड. आणि वर्षभर बाटलीत भरून ठेवायच्या मसाल्याची कोळंबी. ताडीचं मला खाऊन झाल्यावर सांगितलं. आमच्या मंडळीत दारूला शिवायचं नाही अशी शपथ आहे. मी सात फुगे खाल्ले होते.

दुपारी सगळं गाव खराटे आणि चुन्याची डबडी घेऊन दफनभूमीत गेलं. दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस, त्याची तयारी. मी असं कुठं पाहिलं नव्हतं. रडणं नाही, कुजबुज नाही. गवत उपटतायत, क्रूसाला चुना लावतायत, एकमेकांना पाणी देतायत, पोरं थडग्यांमधून पळतायत. विहीणबाई एका वीतभर उंचीच्या क्रूसापाशी बसल्या आणि पदरानं तो पुसायला लागल्या.

"काय गो, किती धूल खाल्लीस," त्या क्रूसाला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "माझी पोर. अँथनीच्या आधीची. चार वर्सांची व्हती."

जिवंत लेकीची वेणी घालताना बोलावं तसं त्या बोलल्या. मी खराटा घेऊन पलीकडचं गवत ओढत राहिले, कारण मला तिथं उभं राहवेना.

आमचा शमुवेल नऊ वर्षांचा होऊन गेला. करुणाचा धाकटा भाऊ. तापानं गेला, त्याला अकरा वर्षं झाली. ह्यांनी स्वतः त्याचं दफन केलं, प्रार्थना स्वतः केली, आणि सगळ्यांना सांगितलं की तो देवाच्या हाती गेला, आता रडायचं नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव घेतलेलं नाही. म्हणून मीही नाही, करुणाही नाही. त्याच्या मातीवर मी नाताळला एकटीच जाते आणि लवकर परत येते.

हे मी विहीणबाईंना सांगितलं नाही. गवत मात्र पुष्कळ उपटलं.

मंगळवार, दफनभूमी

चार वाजता दफनभूमीतच मिस्सा होती. प्रत्येक थडग्यावर शेवंती, झेंडू, मेणबत्त्या. वाऱ्यानं विझायच्या म्हणून कोणी नारळाची करवंटी आड धरलेली. मी बायकांमध्ये मागं उभी होते. पुढून एक कागद आणि पेन्सिल हातोहात फिरत आली. कागदावर नावं लिहिलेली होती. विहीणबाई पुढं मेणबत्त्या लावत होत्या, करुणा बाळाला घेऊन सावलीत.

आमच्या मंडळीत सणाच्या दिवशी अशीच चिठ्ठी फिरते. तिच्यावर आपण घरच्यांची नावं लिहितो आणि पाळकसाहेब त्यांच्यासाठी आभार मानतात, देवानं त्यांना सांभाळावं म्हणतात. मला वाटलं, बरं झालं, इथंही ही रीत आहे. बोलावं लागत नाही, नुसतं लिहायचं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, आधी ह्यांचं: दौलत भास्कर साळवे. करुणा अँथनी. मग अँथनी. मग बाळाचं काय लिहावं याचा विचार करेपर्यंत शेजारच्या बाईनं कागद पुढं दिला.

फादर नावं वाचायला लागले. एकेक नाव झालं की लोक म्हणत, प्रभू, त्याला चिरशांती दे. सातआठ नावं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की नाव वाचलं की कोणीतरी डोळे पुसतं आहे. कागद कुठं गेला ते बघायला मी मान उंचावली. तेवढ्यात फादरांनी वाचलं, "दौलत भास्कर साळवे."

सगळं गाव म्हणालं, प्रभू, त्याला चिरशांती दे.

सावलीत बसलेल्या करुणाचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्याकडे बघत होती, जणू मी तिच्यापासून काही लपवून ठेवलं होतं. मी मान हलवत राहिले, नाही, नाही.

"करुणा अँथनी," फादरांनी वाचलं.

"फादर, थांबा," विहीणबाई ओरडल्या. "ती जिती हाय. ती बघा, पोर पाजते."

माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी हसलं, मग बरेच जण. अँथनी म्हणाला, "मम्मा, पुढचं नाव माझंच असेल. बरं झालं थांबवलंस." विहीणबाई माझ्यापर्यंत आल्या. मी कशीबशी त्यांच्या कानात सांगितलं की आमच्याकडे ही चिठ्ठी जिवंतांची असते, हे घरी खुशाल आहेत. वाटलं, आता ही बाई रागावणार. सुनेचं नाव मेलेल्यांत वाचायला लावलं, बाळ दोन महिन्यांचं. त्यांनी माझा दंड धरला आणि फादरांना सगळं मोठ्यानं सांगितलं.

फादर म्हातारे होते. हसले नाहीत. म्हणाले, "जिवंतांनाही शांती लागतेच. काही बिघडलं नाही." मग त्यांनी पेन्सिल घेतली. "बाई, तुमच्याकडचं गेलेलं कोणी आहे का? असेल तर वाचतो. नसलं तरी चालेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. आमचे पाळकसाहेब रविवारी काय म्हणाले ते मला आठवत होतं, हे काय म्हणतील तेही कळत होतं. विहीणबाईंनी माझा दंड सोडला नव्हता.

मी म्हटलं, "शमुवेल दौलत साळवे. नऊ वर्षांचा."

आवाज मोठा आला, माझा मलाच ऐकू आला. फादरांनी नाव वाचलं. गावानं उत्तर दिलं. करुणा चालत माझ्याजवळ आली. ती लहान असताना भाऊ गेला तेव्हा आम्ही तिला रडू दिलं नव्हतं. ती आता रडली, बाळाला मध्ये धरून, आणि मीही. विहीणबाईंनी त्यांच्या पोरीच्या क्रूसापाशी आणखी एक मेणबत्ती लावली आणि म्हणाल्या, "दोगं संगती खेलतील."

हे बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. मी फक्त काय झालं ते लिहिते.

गुरुवार, घरी

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. प्रवासाचं विचारलं. मी अंबाडीचं सांगितलं, फुग्यांचं सांगितलं, ताडीचंही. रविवारचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "सगळ्या भाषांत एकदम? आपणही करून पाहू."

मग मी चिठ्ठीचं सांगितलं. म्हणजे त्यांचं नाव कुठं वाचलं गेलं ते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले. म्हणाले, "म्हणजे सबंध गावानं माझ्यासाठी शांती मागितली?"

"हो."

"बरं केलं. इथं कोणी मागत नाही."

ते हसत होते तेव्हाच सांगून टाकायचं मी ठरवलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. मी म्हटलं, "फादरांनी विचारलं गेलेलं कोण आहे. मी शमुवेलचं नाव सांगितलं. त्यांनी ते वाचलं."

ते हसायचे थांबले. उठून आत गेले. मी चूल पेटवली, पीठ मळलं. हे बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"कोण कोण होतं तिथं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. करुणा, अँथनी, विहीणबाई, सगळं गाव.

"बाळ?"

"करुणाच्या हातांत होतं."

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाले, "तारीख काय म्हणाली होतीस बाप्तिस्म्याची?"

मी म्हटलं, "डिसेंबरचा दुसरा रविवार."

"त्या रविवारी उपासना माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागेल."